लेकरू भाजीला तोंड लावत नाही

मुलांच्या जेवणाबद्दल प्रश्न पाठवा, असं मागच्या अंकात कळवलं होतं. आलेल्या पत्रांतली निम्म्याहून जास्त भाजीबद्दलचीच निघाली. सारखी पत्रं एकत्र केली आहेत आणि नावं गाळून गावं तेवढी ठेवली आहेत. सध्या बाजारात मेथी, करडई, शेपू, हरभऱ्याचे शेंडे असा सगळा पाला आला आहे आणि भावही आवाक्यात आहेत. तेव्हा जे करायचं ते याच दिवसांत सुरू करा.

प्रश्न : माझी मुलगी तीन वर्षांची आहे. दीड वर्षाची होईपर्यंत दोडका, भोपळा, पालक, काहीही कुस्करून दिलं तरी खायची. आता वरणात कोथिंबिरीचं पान दिसलं तरी बोटाने काढून ताटाबाहेर ठेवते. सासूबाई म्हणतात, माझ्या लाडाने बिघडली. माझं काही चुकलं का? (एक आई, अंबाजोगाई)

उत्तर : ताई, लाडाचा यात संबंध नाही. पहिल्या वर्षात बाळाचं वजन साधारण तिप्पट होतं, म्हणजे तीन किलोचं बाळ नऊ किलोच्या घरात जातं. दुसऱ्या वर्षात जेमतेम दोन-अडीच किलो वाढतं. वाढीचा वेग उतरला की भूकही उतरते. नेमक्या त्याच सुमारास अनोळखी खाण्याची धास्ती सुरू होते. दोन वर्षांपासून पाच-सहा वर्षांपर्यंत ती कमी-जास्त राहते आणि मग आपसूक ओसरत जाते. त्यात कडू चव मुलांना उपजतच नको असते, आणि काहींच्या जिभेला कडवटपणा इतरांपेक्षा जास्त जाणवतो. एकाच घरात एक लेकरू मेथी मागून खातं आणि दुसरं वासानेच तोंड फिरवतं, ते यामुळे.

नवी भाजी ओळखीची व्हायला ती साधारण आठ ते पंधरा वेळा समोर यावी लागते. आपण तिसऱ्या वेळेला "हिला नाहीच आवडत" म्हणून सोडून देतो. बहुतेक घरांत घोडं इथेच अडतं.

आता करायचं काय? एकच भाजी निवडा. लाल भोपळ्यापासून सुरुवात करा, कारण तो गोडसर असतो आणि शिजून मऊ होतो. दिवसाआड, एकाच पद्धतीने, एकाच आकारात करा. तिच्या ताटात हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या दोनच फोडी ठेवा, त्याही तिला आवडणाऱ्या वरण-भाताच्या शेजारी. "खा" म्हणू नका. तिने बोट लावलं, वास घेतला, जिभेला लावून थुंकली, तरी ते एकदा झालं असं धरा आणि दिनदर्शिकेवर खूण करा. दिवसाआड पंधरा वेळा म्हणजे पुरता एक महिना. दहाव्या खुणेच्या आधी निर्णय घेऊ नका.

यात तीन ठिकाणी चुकतं. पहिलं म्हणजे, आज भोपळ्याची भाजी, परवा पराठा, तेरवा सूप असं बदलत राहिलं, तर तिच्या दृष्टीने ते तीन वेगळे अनोळखी पदार्थ होतात आणि मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. दुसरं, घास उचलला की घरातल्या चौघांचे डोळे तिच्या तोंडाकडे लागतात. अशा वेळी मोठं माणूसही घास खाली ठेवेल. तिसरं, "भोपळा खाल्लास तर चॉकलेट." यातून मुलाला कळतं ते एवढंच की भोपळा ही सोसायची गोष्ट आहे आणि चॉकलेट ही कमवायची. शाबासकी द्यायचीच तर चाखल्याबद्दल द्या, ताट संपवल्याबद्दल नको.

किती खायला हवं, हेही अनेकींनी विचारलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये दिलेलं प्रमाण असं आहे : २ ते ५ वर्षांच्या मुलांना भाज्या आणि फळं मिळून दिवसाला किमान २५० ग्रॅम, ६ ते ९ वर्षांना ३५० ग्रॅम आणि १० वर्षांपुढे ४०० ग्रॅम. २५० ग्रॅम ऐकून घाबरू नका. एक लहान केळ, पेरूच्या दोन-तीन फोडी, दोन्ही जेवणांत मिळून लहान वाटीभर शिजलेली भाजी आणि काकडीचे चार तुकडे, एवढ्यात ते जवळपास भरतं. भाजीचा खाडा पडला त्या दिवशी फळ वाढवा आणि हिशेब आठवड्याचा मांडा.

प्रश्न : आमचं एकत्र कुटुंब आहे, बारा माणसांचा स्वयंपाक एकाच कढईत होतो. कोरड्यास (भाकरीसोबतची भाजी) तिखटजाळ लागतं सगळ्यांना. चार वर्षांचा मुलगा भाजीला हात लावला की "हाय हाय" करतो आणि नुसता वरण-भात किंवा दूध-भाकरी खातो. वेगळी भाजी करायला वेळ नाही. (लातूर)

उत्तर : वेगळी भाजी करूच नका. त्याच कढईतून त्याचा वाटा आधी काढा. दोडक्याचं उदाहरण घ्या. तेलात मोहरी, जिरं, लसूण, हळद घालून दोडका परता, मीठ आणि अर्धा पेला पाणी घालून शिजवा. लाल तिखट आणि काळा मसाला आपण बहुतेक फोडणीतच घालतो. तो क्रम तेवढा बदला. दोडका शिजला की मुलासाठी दोन पळ्या वाटीत काढा, त्यात चमचाभर शेंगदाण्याचं कूट आणि थोडं तूप घाला. मग छोट्या कढल्यात तेल तापवून तिखट-मसाल्याची फोडणी उरलेल्या भाजीवर ओता. दोन मिनिटं उकळू दिलं की चवीत फरक राहत नाही, आणि कामही फार तर तीन मिनिटांनी वाढतं.

एक लक्षात घ्या. मुलाला काळ्या मसाल्याचा त्रास नाही, त्रास मिरचीचा आहे. धने, तीळ, सुकं खोबरं, दगडफूल यांचा खमंगपणा मुलांना आवडतो. मसाला करायला काढाल तेव्हा मिरची घालण्याआधी थोडा वेगळा करून ठेवा. तसं जमलं नाही तर १०० ग्रॅम धने, ५० ग्रॅम तीळ, ५० ग्रॅम सुकं खोबरं, २५ ग्रॅम जिरं, दोन-तीन लवंगा आणि दालचिनीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा वेगवेगळं भाजून कुटा. हवाबंद बरणीत महिनाभर चांगला राहतो. त्याहून जास्त करून ठेवू नका, कारण खोबऱ्याला आणि तिळाला खवट वास येतो आणि मग मूल मसाल्यालाही नाही म्हणतं.

आणि तिखट लागलंच तर पाणी देऊ नका. मिरचीतलं तिखट पाण्यात विरघळत नाही, पाण्याने ते तोंडभर पसरतं. दोन घोट दूध किंवा चमचाभर दही द्या. मोठ्यांसारखं तिखट खायची सवय सात-आठ वर्षांच्या पुढे हळूहळू लागते. "तिखट खाल्ल्याशिवाय मर्द होत नाही" असं म्हणून भरवणाऱ्या काकांना मात्र स्पष्ट थांबवा. एकदा तोंड भाजलं की लेकरू त्या भाजीच्या रंगालाच भिऊ लागतं.

प्रश्न : भेंडी चिकट होते, मेथी कडू लागते, गवारीत चोथा राहतो, पालेभाजी काळपट होते आणि पत्ताकोबी शिजवली की घरभर वास सुटतो. मुलं नाक दाबतात. मलाच स्वयंपाक येत नाही की काय असं वाटायला लागलंय. (जालना)

उत्तर : हा प्रश्न आम्हाला सगळ्यांत महत्त्वाचा वाटला. मुलं भाजी नाकारतात तेव्हा पुष्कळदा ती चव नाकारत नसतात, तोंडातला स्पर्श नाकारत असतात. बुळबुळीत, तंतुमय, पाणचट या तीन गोष्टी त्यांना सोसत नाहीत, आणि तिन्ही सुधारता येतात.

भेंडी : पाव किलो कोवळी भेंडी घ्या. टोक मोडून पाहा. कट्‌ आवाज करून तुटली तर कोवळी, वाकली तर जून. अख्खी धुवा, कापडाने एकेक पुसा आणि अर्धा तास पंख्याखाली ठेवा. चिरल्यावर पाणी अजिबात लावू नका, कारण आतला चिकट रस पाणी मिळालं की फुगतो आणि त्याच्या तारा सुटतात. सुरीही कोरडी हवी. अर्धा सेंटिमीटर जाडीच्या चकत्या करा. पसरट कढई घ्या, खोल नको. चकत्या एकावर एक आल्या की खालच्यांची वाफ वरच्यांना लागते आणि सगळा लगदा होतो. दोन चमचे तेलात मध्यम आचेवर, झाकण न ठेवता, आठ-दहा मिनिटं परता. पहिल्या पाच मिनिटांत तारा दिसतील, घाबरू नका, पुढे त्या वाळतात. मीठ अगदी शेवटी घाला, आधी घातलं की भेंडी पाणी सोडते. तरीही चिकटपणा राहिला तर दोन आमसुलं किंवा चमचाभर चिंचेचा कोळ घाला, आंबटाने तार तुटते. अशी कडा लाल झालेली भेंडी मुलं नुसती हाताने उचलून खातात.

मेथी : देठं काढा, नुसती पानं घ्या. पानं जितकी बारीक चिराल तितका कडवटपणा बाहेर येतो, म्हणून एकदाच आडवी चिरा किंवा अख्खीच टाका. मीठ चोळून पिळून काढायची पद्धत आहे, तिने कडूपणा जातो हे खरं, पण पिळलेल्या पाण्याबरोबर जीवनसत्त्वंही जातात. त्यापेक्षा जुडीभर मेथीला पाव वाटी मुगाची डाळ अर्धा तास भिजवून घाला. लसणाच्या फोडणीत डाळ आधी पाच मिनिटं वाफवा, मग मेथी घाला आणि झाकण न ठेवता सात-आठ मिनिटं शिजवा. वरून दोन चमचे कूट आणि सुपारीएवढा गूळ. पातळ हवी असेल तर ज्वारीचं पीठ पाण्यात कालवून घाला. मेथीचा घोळाणा मोठी मुलं आवडीने खातात : कोवळी पानं, बारीक कांदा, कूट, मीठ, कच्चं तेल, तिखट बेतानेच. कच्ची भाजी मात्र तीन पाण्यांतून धुवा, माती तळाला बसू द्या आणि भाजी वरून उचलून घ्या. पाणी ओतून दिलं तर माती परत पानांवर येते.

गवार : शेंग मधोमध मोडा आणि दोन्ही कडांच्या शिरा ओढून काढा. शीर सहज निघाली नाही, शेंग मोडताना वाकली, तर ती जून आहे, बाजूला काढा. मिठाच्या उकळत्या पाण्यात पाच मिनिटं उकडून निथळा आणि मग लसूण-ओव्याच्या फोडणीत परता. मुलांसाठी तुकडे पेराएवढेच ठेवा. लांब शेंग दातांत अडकते आणि मूल घास तोंडातून काढून ठेवतं.

पत्ताकोबी आणि फुलकोबी : यांच्यात गंधकाची संयुगं असतात आणि जितका वेळ शिजवाल तितका वास वाढतो. कोबी बारीक चिरून मोठ्या आचेवर सहा-सात मिनिटांत उतरवा, थोडी कचकच राहिली पाहिजे. फ्लॉवरचे तुरे आधी कोमट मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा, आत अळ्या असतील तर त्या बाहेर येतात. मुलाला एकदा का भाजीत अळी दिसली, की ती भाजी पुढचं वर्षभर बंद.

पालेभाजी काळपट का होते, असंही तुम्ही विचारलंय. झाकण ठेवलं की वाफेबरोबर उडून जाणारी आम्लं परत कढईत पडतात आणि हिरवा रंग मळतो. पहिली चार-पाच मिनिटं झाकण उघडं ठेवा. लिंबू किंवा चिंच घालायची तर गॅस बंद केल्यावर घाला.

ज्यांना शिजलेलं अजिबात नको, त्यांना कच्चं द्या. काकडी, गाजर, मुळा, कोवळा कांदा. चार-पाच वर्षांखालच्या मुलांना गाजराच्या गोल चकत्या आणि अख्खे शेंगदाणे देऊ नका, घशात अडकतात. गाजर किसून द्या, शेंगदाण्याचं कूट करा.

प्रश्न : नातू पाच वर्षांचा आहे. मोबाइल लावला की वांगं, भेंडी, काय भरवाल ते खातो. मोबाइल बंद केला की तोंड बंद. त्याचे आई-बाप नोकरीला, मीच भरवते. सून म्हणते मोबाइल बंद करा. पण मग लेकरू उपाशी राहतं हो! (एक आजी, वसमत)

उत्तर : आजी, तुमची कळकळ समजते, पण यात सुनेचं बरोबर आहे. मोबाइलकडे बघत खाल्लेलं वांगं नातवाने पाहिलेलंच नसतं. वांग्याची ओळख होत नाही, आणि पोट भरलं हेही त्याला कळत नाही. मोबाइल नसलेल्या ताटात तेच वांगं पुन्हा अनोळखी ठरतं.

आधी दिवसभराचं खाणं बघा. पाच वर्षांच्या मुलाला दिवसाला ४०० ते ५०० मिलिलिटर दूध पुरेसं आहे. तीन-चार पेले दूध, मधे बिस्किटं, दुकानातला पाच रुपयांचा कुरकुरीत पुडा, असं झालं की जेवणाच्या वेळेला पोटात जागाच नसते. जेवणाआधी दोन तास पाण्याशिवाय काही देऊ नका. एवढ्याने निम्मं काम होतं.

मोबाइल एकदम सगळ्या जेवणांचा काढू नका. पहिला आठवडा फक्त रात्रीच्या जेवणाचा बंद करा, जेव्हा सगळे घरी असतात आणि एका पंगतीला बसतात. दुसऱ्या आठवड्यात दुपारचाही. भरवणं सोडा, त्याला त्याचं वेगळं छोटं ताट द्या. सांडेल, खाली वर्तमानपत्र अंथरा. वीस ते तीस मिनिटं झाली की ताट उचला, न रागावता. नंतर तासाभराने "आता बिस्किट तरी खा" असं होऊ देऊ नका. पुढचं खाणं पुढच्या वेळेलाच. पहिले तीन-चार दिवस तो कमी खाईल आणि तुमचा जीव वरखाली होईल. निरोगी मूल एखाद्या जेवणाला कमी खाल्ल्याने आजारी पडत नाही, दिवसभरात भरून काढतं. ताटात काय वाढायचं आणि कधी वाढायचं हे तुमच्या हातात ठेवा, किती खायचं ते त्याच्यावर सोडा.

आणि भाजी निवडायला त्याला जवळ बसवा. वाटाणे सोलणं, मेथीची पानं तोडणं, शेवग्याच्या शेंगा मोजणं. निवडता निवडता दोन कच्चे वाटाणे तोंडात जातात.

प्रश्न : पालक वाटून पुरीत घालते, गाजर किसून पराठ्यात. मुलाला पत्ता लागत नाही. हे चालेल ना? (नांदेड)

उत्तर : चालेल, पण त्यावर भिस्त ठेवू नका. १०० ग्रॅम पालकात बारा पुऱ्या झाल्या तर एका पुरीत आठ ग्रॅम पालक आला. चार पुऱ्या खाल्ल्या तरी बत्तीस ग्रॅम, आणि सोबत तळणीचं तेल. शिवाय लपवलेली भाजी मुलाला ओळखीची होत नाही. त्याला सुगावा लागला, तर पुरीवरचाही विश्वास उडतो.

धपाटे त्याहून चांगले, कारण त्यात पाला डोळ्यांना दिसतो. ज्वारीचं पीठ दोन वाट्या, बेसन आणि कणीक अर्धी-अर्धी वाटी, मेथी किंवा करडईची कोवळी पानं चिरून दोन वाट्या, तीळ, ओवा, हळद, लसूण, मीठ, भिजवायला अर्धी वाटी दही. पाला मीठ लागल्यावर पाणी सोडतो, म्हणून पाणी शेवटी आणि चमच्याने घाला, नाहीतर पीठ सैल होऊन कापडाला चिकटतं. ओल्या कापडावर थापा आणि मधे बोटाने भोक पाडा म्हणजे तेल आतपर्यंत जातं. सोबत दही. फळांचा रस मात्र भाजीच्या जागी धरू नका, गाळला की चोथा जातो आणि साखर राहते.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. खिचडीत घातलेली भाजी मुलं वेचून ताटाच्या कडेला काढतात आणि शेवटी ती कोंबड्यांना जाते. (बीड जिल्हा)

उत्तर : सर, पोषण आहार योजनेत पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज ५० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला ७५ ग्रॅम भाजी ठरलेली आहे. पाचवीपर्यंतचे ४० विद्यार्थी असतील तर रोज दोन किलो. ती पोटात जावी म्हणून आधी मुलं काय वेचतात ते दोन दिवस बघा. बहुतेक वेळा कोबीचे लांब धागे, टोमॅटोची गुंडाळलेली सालं आणि कढीपत्ता असतो. म्हणजे अडचण चिरण्यात आहे.

स्वयंपाक करणाऱ्या ताईंना सांगा : कोबी, गाजर, भोपळा एक सेंटिमीटरच्या फोडींत चिरायचं आणि फोडणीत आधी चार-पाच मिनिटं परतायचं, मग डाळ-तांदूळ. भाजी पाण्यात टाकून नुसती उकळली की तिला कच्चट वास राहतो. पाला मात्र शेवटच्या पाच मिनिटांत. टोमॅटो किसून घालावा, साल हातात राहते. वाढताना एकेक लिंबाची फोड जमली तर फार चांगलं.

परसबागेला जागा असेल तर मेथीपासून सुरू करा, कारण मुलांचा धीर महिनाभरच टिकतो आणि मेथी २५ ते ३० दिवसांत काढणीला येते. एक चौरस मीटरला चहाचा एक चमचा बी, रात्रभर भिजवून, एक सेंटिमीटर खोल, ओळीत पेरा. बी खोल गेलं किंवा वर काळ्या मातीची पपडी बसली तर उगवत नाही, म्हणून वरून बारीक शेणखत भुरभुरा आणि झारीने पाणी द्या. दाट उगवलेली रोपं दहाव्या दिवशी मुलांना उपटायला लावा आणि तीच धुऊन खिचडीत घाला. स्वतः उपटलेला पाला सहसा ताटाच्या कडेला जात नाही. शक्य असेल तेव्हा तुम्हीही त्याच पंगतीला बसून तीच खिचडी खा, मुलं गुरुजींच्या ताटाकडे बघत असतात.

प्रश्न : मुलगी सहा वर्षांची. भाजी खात नाहीच, पण पाटीवरची पेन्सिल आणि माती खाते. चेहरा फिकट दिसतो, लवकर दमते. मारलं तरी ऐकत नाही. (परभणी)

उत्तर : मारू नका. ही खोड नाही, शरीरात लोह कमी पडल्याची खूण असू शकते. प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन हिमोग्लोबिन तपासा, या वयात ते ११.५ च्या खाली असेल तर रक्तक्षय धरतात. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालच्या १०० पैकी ६७ मुलांमध्ये रक्तक्षय आढळला होता. तेव्हा यात लाजण्यासारखं काही नाही, पण थांबण्यासारखंही नाही. रक्तक्षय निघाला तर नुसत्या भाजीने तो भरून येणार नाही, डॉक्टरांनी दिलेलं लोहाचं औषध पूर्ण काळ द्यावं लागेल. औषधाने शौचाला काळी होते, घाबरून बंद करू नका. दूध आणि चहा औषधाबरोबर नको. जंताची गोळी राहिली असेल तर तीही विचारा. शाळा-अंगणवाड्यांत १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या सुमारास ती दिली जाते.

जेवणात एवढं करा : पालेभाजी किंवा मटकीच्या उसळीवर लिंबू पिळा, क जीवनसत्त्वाने लोह अंगी लागतं. जेवणाच्या आगेमागे तासभर चहा नको. पालकात लोह असतं, पण ते फारसं शोषलं जात नाही, एकट्या पालकावर विसंबू नका. लोखंडी कढईत भाजी केली तर थोडं लोह त्यात उतरतं. शिजल्यावर भाजी लगेच दुसऱ्या भांड्यात काढा, नाहीतर काळी पडते आणि मुलगी खायची नाही.

प्रश्न : उन्हाळ्यात आमच्याकडे टँकरचं पाणी. मार्चनंतर भाजीपाला दिसत नाही, दिसला तर परवडत नाही. वाळवलेल्या हरभऱ्याच्या भाजीत काही कस राहतो का? मुलांना ती आवडेल अशी कशी करायची? (धाराशिव जिल्हा)

उत्तर : राहतो. लोह, कॅल्शियम आणि चोथा टिकतो. क जीवनसत्त्व जवळपास सगळं जातं, म्हणून खाताना लिंबू, किंवा उन्हाळ्यात कैरीची फोड सोबत हवीच. कडक उन्हात वाळवली तर अ जीवनसत्त्व देणारं द्रव्यही बरंच उडतं, म्हणून सावलीत, वारा खेळता राहील अशा जागी, पातळ कापड झाकून वाळवा. पानं हाताने चुरली जाऊन कुरकुरीत आवाज आला की डब्यात भरा. दमट राहिली तर बुरशी धरते आणि अख्खा डबा टाकावा लागतो.

हरभऱ्याच्या पानांवर आंब असते, तिचीच ती आंबटसर चव. धुतली की आंब जाते, म्हणून आपल्याकडे ही भाजी न धुता वाळवतात. पण हे फक्त ज्या रानात काहीही फवारलेलं नाही तिथल्याच शेंड्यांसाठी. घाटेअळीसाठी औषध मारलं असेल तर त्या शेतातली भाजी खुडूच नका, धुऊनही नको. फुलं यायच्या आधीचे कोवळे शेंडे तेवढेच खुडा.

दारात शेवगा असेल तर उन्हाळ्याची निम्मी चिंता मिटते. कोवळी पानं काड्यांपासून ओरबाडून काढा, बारीक काड्या राहिल्या तर मुलांच्या घशाला टोचतात. ही पानं मूठभर, आठवड्यातून दोन-तीनदा वरणात किंवा भाकरीच्या पिठात. मटकी, मूग, चवळी मोड आणून लावा. ही भाजीची जागा पुरती घेत नाहीत, पण ताट रिकामं राहत नाही.

आता वाळल्या हरभऱ्याची पातळ भाजी, चार माणसांची : चुरलेला पाला पाऊण वाटी, तुरीची डाळ पाव वाटी, शेंगदाणे दोन चमचे. डाळ आणि दाणे आधी मऊ शिजवा, लहान मूल असेल तर दाणे शिजल्यावर ठेचून घ्या. पाला कोमट पाण्यात पंधरा मिनिटं भिजवा. तो फुगून दुप्पट-तिप्पट होतो, म्हणून अंदाजाने जास्त घेऊ नका. तेलात सहा-सात लसणाच्या पाकळ्या ठेचून लाल होऊ द्या, हळद, जिरं, मग पाला भिजवलेल्या पाण्यासकट घाला आणि दहा मिनिटं उकळा. डाळ-दाणे घोटून घाला, दोन चमचे ज्वारीचं पीठ पाण्यात कालवून सतत ढवळत ओता. ढवळणं थांबलं तर गुठळ्या होतात आणि मुलं नेमक्या त्याच काढून टाकतात. मीठ चाखून घाला, आंब असल्याने कमी लागतं. मुलांचा वाटा काढून घेतल्यावर मोठ्यांसाठी वर मिरचीची फोडणी. भाकरी ताटात कुस्करून त्यावर गरम भाजी ओता, पाच मिनिटं मुरू द्या, वर कच्च्या तेलाची धार.